एका आठवड्याचं मध्यांतर: चॅम्पियन्स लीगची बाद फेरी पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून ज्यानं बाद पद्धतीच्या स्पर्धा बघितल्या आहेत, त्याला हरणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पाटाकडील असो, दिलबहार असो, खंडोबा असो, पेठेचा संघ दुपारी चारला मैदानात उतरतो आणि संध्याकाळपर्यंत सोक्षमोक्ष लागतो. बरोबरी झाली तर टायब्रेकर, म्हणजे फक्त गोलरक्षकासमोर पाच-पाच फटके. तिथंही नाही फुटलं तर सडनडेथ, म्हणजे एकेक फटका, एकाचा गोल झाला आणि दुसऱ्याचा चुकला की संपलं. अंधार पडायच्या आत एका पेठेत गुलाल उडतो आणि दुसरी पेठ गप्प घरी जाते.

म्हणूनच आपल्याकडची चांगली जाणती माणसं युरोपातल्या अव्वल क्लबांची चॅम्पियन्स लीग पहिल्यांदा बघायला बसली की बुचकळ्यात पडतात. मार्च २०२५ मध्ये सकाळी सकाळीच माझ्या आत्येभावाचा फोन आला. स्थानिक फुटबॉल कोळून प्यायलेला माणूस. आदल्या रात्री इंग्लंडचा लिव्हरपूल आणि फ्रान्सचा पॅरिस सेंट-जर्मेन या क्लबांचा सामना झाला होता. म्हणाला, "लिव्हरपूल एक-शून्यनं जिंकलं की रं. पॅरिस गेलं न्हवं बाहेर?" मी म्हटलं, "दादा, अजून निम्माच सामना झालाय." त्याला आधी ते पटेना. सहा दिवसांनी पहाटे चार वाजून गेल्यावर पटलं.

हा लेख त्याच्यासारख्यांसाठी आहे. फुटबॉल कळतो, पण युरोपातल्या बाद फेरीची रीत माहीत नाही, अशांसाठी. आणि फुटबॉल अजिबात कळत नाही, पण घरात कुणीतरी रात्री-अपरात्री उठून टीव्ही लावतं म्हणून कुतूहल वाटतं, त्यांच्यासाठीही.

आधी घड्याळ आणि कॅलेंडर

नव्या माणसाचा पहिला सामना हमखास चुकतो तो इथंच. तिकडं सामना मंगळवारी किंवा बुधवारी असतो. आपल्याकडं तो दुसऱ्या दिवशी पहाटे असतो. फेब्रुवारी आणि मार्चमधले मुख्य सामने आपल्या वेळेनुसार रात्री १:३० ला सुरू होतात. काही सामने त्याआधी, रात्री ११:१५ ला असतात. नोकरीवर जाणाऱ्यानं सुरुवात या ११:१५ च्या सामन्यांनी करावी, असं माझं मत आहे. एकच्या सुमाराला संपतो, झोपही मिळते.

मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं एक तास पुढं करतात. त्यामुळं एप्रिलमधली उपांत्यपूर्व फेरी आणि त्यानंतरची उपांत्य फेरी आपल्याला १२:३० ला मिळते. तो एक तास फार मोठा आहे. १२:३० पर्यंत जागता येतं. १:३० साठी मात्र झोपूनच उठावं लागतं. साडेनऊला अंथरूण धरायचं, सव्वा एकचा गजर लावायचा आणि फोन उशापासून लांब ठेवायचा, म्हणजे गजर बंद करायला तरी उठावंच लागतं.

९० मिनिटांचा सामना मध्यांतर आणि वाढीव मिनिटं धरून पावणेदोन-दोन तास चालतो. दीडला सुरू झालेला सामना जादा वेळ आणि टायब्रेकरपर्यंत गेला, तर चार वाजून जातात. आमच्या गल्लीच्या टोकाला गोठा आहे. असा लांबलेला सामना संपवून टीव्ही बंद केला की तिकडं धारा काढायला उठलेल्यांची चाहूल लागते, बादलीची कडी वाजते. मग झोपण्यात काही अर्थ नसतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. बाद फेरीचे फेब्रुवारी-मार्चमधले सामने नेमके दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत येतात. घरात परीक्षेचं पोर असेल तर आवाज पूर्ण बंद ठेवून बघा, आणि पोराला उठवू नका. त्याच्यासाठी दुसऱ्या दिवशी सामन्याचा सारांश बघता येतो. फक्त निकाल आधी सांगू नका. भारतात प्रक्षेपण सोनीच्या क्रीडा वाहिन्यांवर आणि सोनी लिव्हवर असतं.

नावं समजून घ्या

मराठी वर्तमानपत्रांत फेऱ्यांची नावं वाचताना जीभ अडखळते, म्हणून शेवटाकडून सुरुवात करा. दोन संघ उरले की अंतिम सामना. चार उरले की उपांत्य. आठ उरले की उपांत्यपूर्व. सोळा उरले की उपउपांत्यपूर्व, पण बोलताना सगळे 'शेवटचे सोळा'च म्हणतात. २०२४-२५ पासून या सोळांच्या आधी आणखी एक फेरी आली आहे, तिला प्ले-ऑफ म्हणतात.

तिथवर संघ येतात कसे? आता साखळी फेरीत ३६ संघ असतात. प्रत्येकाचे आठ सामने होतात, चार घरच्या मैदानावर आणि चार बाहेर. सगळ्यांचा मिळून एकच गुणतक्ता. पहिले आठ थेट शेवटच्या सोळांत. नववा ते चोविसावा हे सोळा संघ प्ले-ऑफ खेळतात, त्यातले आठ पुढं जातात. पंचविसाव्यापासून खालच्यांचा युरोपातला हंगाम तिथंच संपतो. पूर्वी त्यांतल्या काहींना खालच्या स्पर्धेत जागा मिळायची, आता मिळत नाही.

तक्त्यातल्या नंबराला किंमत आहे. प्ले-ऑफमध्ये वरच्या नंबराचा संघ दुसरा सामना आपल्या घरी खेळतो. शेवटच्या सोळांत पहिल्या आठांना ही सवलत असते. २०२५-२६ पासून पहिल्या चारांना उपांत्यपूर्व फेरीत आणि पहिल्या दोघांना उपांत्य फेरीतही ती मिळू लागली. एकाच देशाचे दोन संघ समोरासमोर येऊ शकतात. आणि फेब्रुवारीच्या शेवटी सोडत झाली की अंतिम सामन्यापर्यंतची वाट ठरलेली असते, मध्ये पुन्हा चिठ्ठ्या नाहीत. तो तक्ता मिळाला की घरात चिकटवून ठेवा. कोण जिंकलं तर पुढं कुणाशी गाठ, हे बोटानं दाखवता आलं पाहिजे.

आता मुख्य गोष्ट: १८० मिनिटांचा एक सामना

अंतिम सामना सोडला तर प्रत्येक लढत दोन भागांत होते. एक सामना माझ्या घरी, एक तुझ्या घरी. मध्ये साधारण एक आठवडा. दोन्ही सामन्यांतले गोल एकत्र मोजायचे, ज्याचे जास्त तो पुढं. पहिला सामना कोण जिंकला याला वेगळे गुण नाहीत. म्हणजे पहिल्या सामन्यानंतर शिट्टी वाजते ती मध्यांतराची. फक्त हे मध्यांतर आठवडाभर चालतं.

हे डोक्यात बसवायचा माझा एक उपाय आहे, तो सांगतो. शाळेच्या वहीचं पान आडवं धरायचं. चार रकाने आखायचे: तारीख-वेळ, मैदान कुणाचं, गोल, एकूण. उजवीकडं चार बोटं समास सोडायचा. समासात, गोलफलकावर जे दिसत नाही ते लिहायचं.

आत्येभावाचा फोन आला त्या लढतीचं माझ्या वहीतलं पान असं आहे. पहिली ओळ: ६ मार्च, पहाटे १:३०. मैदान पॅरिसचं. पॅरिस ०, लिव्हरपूल १. ८७ व्या मिनिटाला लिव्हरपूलचा एलियट, बदली म्हणून नुकताच आलेला. एकूण ०-१. आणि समासात: 'पॅरिसचे फटके २७. लिव्हरपूलचे २. गोलरक्षक अ‍ॅलिसननं ९ अडवले.'

फलक एक सांगत होता, समास दुसरंच सांगत होता. साखळीत पहिल्या आलेल्या लिव्हरपूलला पंधराव्या आलेल्या पॅरिसनं जवळजवळ दीड तास त्यांच्याच गोलपाशी कोंडून धरलं होतं. गोलरक्षकानं एकट्यानं सामना वाचवला. जो संघ असा खेळलाय, तो दुसऱ्या मैदानावर जाऊन एक गोल काढू शकेल की नाही, हा प्रश्न आठवडाभर घेऊन बसायचं. हेच या फेरीतलं सुख आहे.

दुसरी ओळ: १२ मार्च, पहाटे १:३०. मैदान लिव्हरपूलचं. बाराव्या मिनिटाला पॅरिसच्या डेम्बेलेचा गोल. एकूण १-१. त्यानंतर नव्वद मिनिटं संपली, जादा वेळ संपला, तरी तेच. टायब्रेकरमध्ये पॅरिसच्या गोलरक्षकानं, डोनारुम्मानं, दोन फटके अडवले आणि पॅरिस ४-१ नं पुढं गेलं. त्याच पॅरिसनं पुढं अ‍ॅस्टन व्हिलाला एकूण ५-४ आणि आर्सेनलला एकूण ३-१ हरवलं. व्हिलाच्या घरचा दुसरा सामना तर पॅरिस २-३ असा हरलं होतं. हरूनही पुढं गेलं, कारण पॅरिसमधला पहिला सामना ३-१ नं खिशात होता.

पान भरायला लागलात की पहिल्या सामन्यात काय बघायचं हे आपोआप कळायला लागतं. घरचा संघ १-० नं पुढं असेल, तर सत्तर मिनिटांनंतर त्याचे बचावपटू कुठं उभे राहतात ते बघा. दुसऱ्या गोलसाठी वर सरकतात की आहे ते राखायला मागं बसतात? पाहुणा संघ ०-२ नं मागं असेल, तर तो जिवावर उदार होऊन हल्ला करतो की तिसरा गोल टाळतो? बाद फेरीत ०-२ आणि ०-३ यांच्यातला फरक पराभवाच्या आकड्याचा नसतो, परतीच्या सामन्यात श्वास शिल्लक राहतो की नाही याचा असतो. साखळीच्या सवयीनं बघणाऱ्याला शेवटची दहा मिनिटं संथ वाटतात. मला त्याच मिनिटांत दोन्ही प्रशिक्षकांचं मन दिसतं.

परतीच्या सामन्यात पहिली वीस मिनिटं चुकवू नका. मागं पडलेल्या संघाला लवकर गोल मिळाला की सगळं मैदान बदलतं. ७ मे २०१९ चा सामना त्यासाठीच सांगतात. बार्सिलोनानं पहिला सामना ३-० नं मारला होता. लिव्हरपूलचे सालाह आणि फर्मिनो जखमी होऊन बाहेर. मी ३-० हा आकडा बघून झोपून गेलो आणि सकाळी दूध आणायला गेल्यावर कट्ट्यावर निकाल ऐकला, ४-० लिव्हरपूल. त्या सकाळची हळहळ अजून गेलेली नाही. सातव्या मिनिटाला ओरिगीचा गोल, उत्तरार्धात वाइनाल्डमचे दोन मिनिटांत दोन. चौथा गोल मी नंतर कितीदा बघितला असेन. अलेक्झांडर-अर्नोल्ड कॉर्नरपासून चार पावलं बाजूला गेला, आता दुसरा कुणीतरी मारणार असं सगळ्यांना वाटलं, तोच परत फिरून त्यानं चेंडू आत ढकलला. बार्सिलोनाचे खेळाडू अजून जागा धरत होते. ओरिगीनं एका स्पर्शात काम केलं. तेव्हापासून पहिल्या सामन्याच्या आकड्यावर मी झोप ठरवत नाही.

जुन्या क्लिप बघताना

यूट्यूबवर जुने सामने बघून अभ्यास करणार असाल, तर एक नियम लक्षात ठेवा, नाहीतर हिशेब लागणार नाही. २०२०-२१ पर्यंत एकूण गोल समान झाले की परक्या मैदानावर जास्त गोल मारणारा संघ जिंकायचा. २०२१-२२ पासून हा नियम काढून टाकला.

उदाहरणार्थ, २०१८ ची रोमा-बार्सिलोना लढत. पहिला सामना बार्सिलोना ४-१, दुसरा रोमा ३-०. एकूण ४-४. तरी रोमाचे खेळाडू शिट्टी झाल्या झाल्या नाचायला लागतात, कारण बार्सिलोनात मारलेला त्यांचा एक गोल भारी ठरला. २०१९ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला आयाक्सच्या मैदानावर टॉटनहॅमच्या लुकास मोराची हॅटट्रिक वाढीव मिनिटांत, ९६ व्या मिनिटाला पुरी झाली. एकूण ३-३ होऊन आयाक्स बाहेर गेलं. आजच्या नियमानं या दोन्ही लढती जादा वेळेत गेल्या असत्या. मला नियम गेल्याचं वाईट वाटत नाही. पूर्वी घरच्या संघाला पहिल्याच सामन्यात गोल खायची भीती वाटायची, तो हातचं राखून खेळायचा. आता मोकळा खेळतो.

बरोबरी झाली तर

पहिला सामना बरोबरीत सुटला तर काहीच करायचं नाही, दुसऱ्याची वाट बघायची. दुसऱ्या सामन्याच्या ९० मिनिटांनंतर एकूण गोल समान असतील, तर १५-१५ मिनिटांची जादा वेळ. नेहमीच्या पाच बदली खेळाडूंवर आणखी एक बदली तिथं मिळतो. आधी गोल केला की सामना तिथंच संपला असं नाही, पूर्ण तीस मिनिटं खेळली जातात.

जादा वेळ कशी असते हे बघायचं असेल तर मे २०२५ ची इंटर-बार्सिलोना लढत शोधून बघा. पहिला सामना ३-३. इंटरच्या घरी, मिलानमध्ये, इंटर २-० नं पुढं, मग बार्सिलोनानं उत्तरार्धात तीन गोल मारून ३-२ केलं. संपायला मिनिटं उरली असताना इंटरचा ३७ वर्षांचा बचावपटू अचेर्बी आघाडीपटूसारखा गोलसमोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं बरोबरी केली. बचावपटू तिथं का गेला, हे ज्याला कळलं त्याला बाद फेरी कळली. ९९ व्या मिनिटाला फ्रातेसीनं गोल केला, एकूण ७-६.

टायब्रेकर आपल्या ओळखीचा आहे. पाच-पाच फटके, मग सडनडेथ. एक नवी बाब मात्र माहीत करून घ्या. मार्च २०२५ मध्ये अ‍ॅटलेटिकोच्या हुलियान आल्वारेझचा पाय रेआल माद्रिदविरुद्ध फटका मारताना घसरला आणि चेंडूला दोन्ही पाय लागले. गोल झाला होता, पण रद्द झाला, आणि अ‍ॅटलेटिको ४-२ नं बाहेर पडलं. त्यानंतर नियम बनवणाऱ्या मंडळानं खुलासा केला, की असा स्पर्श चुकून झाला आणि चेंडू जाळ्यात गेला, तर फटका पुन्हा घ्यायचा. तो खुलासा योग्यच होता. घसरलेल्या पायाची शिक्षा एवढी मोठी नको.

पिवळ्या कार्डांचं थोडक्यात: स्पर्धेत तीन पिवळी कार्डं झाली की एक सामना बाहेर. उपांत्यपूर्व फेरी संपली की जुनी कार्डं पुसली जातात. पहिल्या सामन्याआधीच नावावर दोन कार्डं असलेला खेळाडू कोण, हे समासात लिहून ठेवा. त्याला तिसरं मिळालं तर परतीचा सामना तो घरी बसून बघणार.

संघ कुठला धरायचा?

पेठेचा संघ आपण निवडत नाही, तो जन्मानं मिळतो. इथं मात्र निवडता येतो. विश्वचषकाला चौकाचौकांत मेस्सी-रोनाल्डोचे कटआउट लागतात, तसं मोठं नाव धरायचा मोह होईल. माझा सल्ला असा, की पहिल्या वर्षी नाव धरू नका, लढत धरा. प्ले-ऑफमधली एक लढत निवडा, तिचे दोन्ही सामने बघा, आणि त्यातून जो पुढं जाईल त्याचा हात शेवटपर्यंत सोडू नका. २०२५ मध्ये ज्यांनी प्ले-ऑफमधून पॅरिसला धरलं, त्यांना ब्रेस्तविरुद्धच्या एकूण १०-० पासून म्युनिकच्या अंतिम सामन्यापर्यंतचा सगळा रस्ता मिळाला.

आणि ही रीत फक्त युरोपची नाही. आशियातल्या क्लबांच्या स्पर्धांतही अशा दोन सामन्यांच्या लढती झाल्या आहेत आणि तिथं आपली माणसं खेळली आहेत. २०१६ च्या एएफसी कपमध्ये बेंगळुरू एफसीनं उपांत्य फेरीत मलेशियाच्या जोहोर संघाशी त्यांच्या घरी १-१ अशी बरोबरी केली आणि परतीच्या सामन्यात कांतीरवा स्टेडियमवर ३-१ नं जिंकून एकूण ४-२ केलं. सुनील छेत्रीचे त्यात दोन गोल. त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचलेला तो पहिला भारतीय क्लब. दोहात इराकच्या एअर फोर्स क्लबकडून ०-१ अशी हार झाली. त्या रात्री माझ्या वहीत पहिल्यांदा भारतातल्या संघाचं नाव अंतिम फेरीच्या पानावर होतं. ते पान मी फाडून कपाटात जपून ठेवलं आहे.

शेवटचं पान

अंतिम सामना एकच, त्रयस्थ मैदानावर, शनिवारी. मैदान कुठलं ते आधीच ठरलेलं असतं. तिथं 'एकूण' हा रकाना आखू नका, आपल्या शाहू स्टेडियमसारखा एका बैठकीत निकाल. ३१ मे २०२५ ला पॅरिसनं इंटरला ५-० हरवलं, अंतिम सामन्यात इतक्या फरकानं त्याआधी कुणी जिंकलं नव्हतं. आपल्याकडं तो १२:३० ला सुरू झाला, त्यामुळं आमच्या घरातली निम्मी मंडळी दुसऱ्या गोलनंतर पेंगत होती.

२०२६ पासून मात्र अंतिम सामन्याची वेळ तीन तास अलीकडं आणली, म्हणजे आपल्याकडं रात्री ९:३०. परीक्षा संपलेल्या असतात, पोरांना सुट्टी असते, रविवारी कामाला जायचं नसतं. जेवणं साडेआठलाच उरकून घ्या, सतरंजी अंथरा आणि आजीला पुढं बसवा.